पंचवीस जून : एका तारखेचा हिशेब

क्रिकेटच्या शौकिनांना तारखांचे वेड फार. कोणत्या दिवशी कोणी शतक काढले, कोणत्या मैदानावर कोणाचा त्रिफळा उडाला, हे त्यांना घरच्या श्राद्धतिथीपेक्षा अधिक पाठ असते. या तारखांमध्ये २५ जून ही आपल्या देशात सर्वांत भाग्याची समजली जाते, आणि तसे समजण्यात काही चूक नाही. २५ जून १९३२ रोजी हिंदुस्थानचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर उतरला. आणि बरोबर एक्कावन्न वर्षांनी, २५ जून १९८३ रोजी, त्याच मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला. दोन्ही दिवस शनिवारच. पंचांग पाहणाऱ्यांनी यातून काय अर्थ काढायचा तो खुशाल काढावा. मी जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत आयुष्य घालवलेला माणूस आहे. एखादी तारीख समोर आली की त्या दिवशी हजेरीवर कोण होते, रोजी किती पडली आणि ती कोणाच्या हातून मिळाली, हे विचारण्याची मला खोड लागली आहे. तोच प्रश्न मी या तारखेला विचारणार आहे.

प्रथम १९३२. त्या वर्षाच्या आरंभीच महात्मा गांधींना अटक होऊन सविनय कायदेभंगाचा दुसरा लढा पेटला होता. इंग्लंडला जाणारा संघ निवडण्यासाठी चाचणी सामने व्हायचे होते, त्यांतून मुंबईच्या हिंदू जिमखान्याने अंग काढून घेतले. विजय मर्चंट आणि एल. पी. जय हे त्या काळचे उत्तम फलंदाज त्यामुळे दौऱ्यावर गेले नाहीत. मर्चंट हे गिरणीमालकाच्या घरचे. गिरणीमालकांशी आम्हां लोकांचे नाते कसे असते हे सांगायला नको. पण हातातली संधी तत्त्वासाठी सोडून देणे याला संपवाल्यांच्या भाषेतही मोठे नाव आहे, आणि ते मर्चंटांना दिलेच पाहिजे.

गेला तो संघ कसा होता? कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार म्हणून लिंबडीचे घनश्यामसिंहजी. संघाचा नायक राजघराण्यातला असावा असा तेव्हाचा दंडक होता, कारण खर्च संस्थानिकांच्या थैलीतून व्हायचा. ज्याची थैली त्याचा हुकूम, हा नियम मुकादमाच्या टोळीपासून संस्थानिकांच्या संघापर्यंत सारखाच चालतो. पण कसोटीच्या दिवशी दोघेही राजपुरुष बाजूला राहिले आणि नेतृत्व आले सी. के. नायडू यांच्याकडे. नायडू नागपूरचे. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेले, तेथेच शिकलेले आणि तेथल्याच मैदानांवर वाढलेले. १९२६ साली मुंबईत एम.सी.सी.च्या संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या आणि अकरा षट्कार मारले, त्या खेळीने हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी केली असे जाणकार मानतात. अशा माणसाचे पोट कशावर चालत होते? इंदूरच्या होळकरांच्या पदरी, त्यांच्या सैन्यातल्या हुद्द्यावर. क्रिकेट खेळण्याबद्दल पगार नव्हता. ज्या पगारावर क्रिकेट खेळता येईल अशी चाकरी होती.

त्या शनिवारी सकाळी इंग्लंडने फलंदाजी घेतली. महंमद निसार याने सटक्लिफ आणि होम्स या दोघा सलामीवीरांचे त्रिफळे उडवले, वूली धावबाद झाला, आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी झाली. ज्यांना राज्य करायला आपण जन्मलो असे वाटत होते त्यांचे तीन मोहरे अर्ध्या तासाच्या आत तंबूत परतले. पुढे जार्डिन आणि एम्स यांनी डाव सावरला व इंग्लंडच्या २५९ धावा झाल्या. निसारने पाच बळी घेतले. त्याच संध्याकाळी हिंदुस्थानचा डाव सुरू झाला. देशाच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू खेळायला जो फलंदाज उभा राहिला त्याचे नाव जनार्दन नवले, पुणे जिल्ह्यातल्या फुलगावचा, यष्टिरक्षक. दोन्ही डावांत त्याने मिळून पंचवीस धावा काढल्या. सामना आपण १५८ धावांनी गमावला. नवले हे नाव लक्षात ठेवावे, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

समोरच्या संघातही एक गंमत होती. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये त्या काळी दोन वर्ण होते: हौशी आणि धंदेवाईक. हौशी म्हणजे घरचा सुखवस्तू, जो मानासाठी खेळतो. धंदेवाईक म्हणजे खेळाची मजुरी घेणारा. दोघे एकाच संघातून खेळत, पण कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, पुष्कळ ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. कर्णधारपद धंदेवाइकाला मिळत नसे. सटक्लिफ आणि होम्स हे धंदेवाईक, जार्डिन हौशी, म्हणून जार्डिन कर्णधार. घामाचे दाम घेतले की माणूस एक पायरी खाली उतरतो, हा समज आपल्याकडेच आहे असे कोणी मानू नये.

आपल्याकडे मात्र त्याला जातीची जोड होती. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात पारशी क्लबाच्या आणि पुढे पूना जिमखान्याच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्याचे, जाळी बांधण्याचे काम करी. पगार महिना तीन-चार रुपये. साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा तयार झाला की १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. संघात घेतल्यावरही पुण्यातल्या हिंदू क्लबात त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई. म्हणजे १९३२ च्या आधी वीस वर्षे आपल्या देशाचा सर्वांत मोठा गोलंदाज हा मैदानावरचा मजूर होता. त्याच्या नावावर मात्र कसोटी सामना एकही नाही.

आता एक वळण घेतो, ते वऱ्हाडच्या माणसाने घेतलेच पाहिजे. खामगावचा कापूस बाजार एके काळी जगाला माहीत होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांच्या नजरा वऱ्हाडकडे वळल्या. १८७० साली जलंबपासून खामगावापर्यंत आगगाडीचा फाटा झाला, तो या कापसासाठीच. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला होता. आमच्या बापजाद्यांनी वेचलेला आणि रेच्यावर सरकी काढलेला कापूस गाठी बांधून ज्या मुलखाकडे जाई, त्या मुलखात नेल्सन, कोल्न, हासलिंग्डन, रॉटनस्टॉल, रिश्टन अशी गिरणगावे आहेत. आणि हीच ती गावे, जिथे हिंदी क्रिकेटपटूला त्याच्या खेळाची मजुरी प्रथम उघडपणे मिळाली.

या गिरणगावांची लँकेशायर लीग म्हणून स्पर्धा असे. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की कामगार बायकापोरांसह मैदानावर जमत. त्यांच्या वर्गणीतून आणि तिकिटांतून प्रत्येक गाव एक नामांकित धंदेवाईक खेळाडू ठेवी. त्याने अर्धशतक काढले किंवा पाच-सहा बळी घेतले की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि जमलेली चिल्लर त्याच्या हाती पडे. नेल्सनने त्रिनिदादच्या लिअरी कॉन्स्टंटाइनला ठेवले, त्याच्या रंगाची पर्वा न करता. १९३२ च्या संघातला अमरसिंग पुढे कोल्नला नोकरीस राहिला; लाला अमरनाथ नेल्सनला, विजय हजारे रॉटनस्टॉलला, सुभाष गुप्ते रिश्टनला. गांधीजी १९३१ मध्ये लँकेशायरला गेले तेव्हा, ज्यांच्या पोटावर खादीच्या चळवळीने पाय आला होता, त्या गिरणी कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले हे सर्वश्रुत आहे. त्याच कामगारांनी आमच्या खेळाडूला राजाचा आश्रित म्हणून न वागवता कसबी कामगार म्हणून करारावर घेतले, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मला ती षट्कारांच्या हकिगतींपेक्षा मोलाची वाटते.

तारखेकडे परत येऊ. २५ जून १९४६, मंगळवार. महायुद्ध संपून वर्ष व्हायचे होते. इकडे फेब्रुवारीत मुंबईत नाविकांचे बंड होऊन गेले होते आणि गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरले होते. लॉर्ड्‌सवर अखंड हिंदुस्थानचा संघ खेळत होता, कर्णधार पतौडीचे नवाब. त्या दिवशी, सामन्याच्या तिसऱ्या दिवशी, आपण दहा गडी राखून हरलो. इंग्लंडच्या हार्डस्टाफने नाबाद २०५ केल्या आणि बेडसर नावाच्या नव्या गोलंदाजाने सामन्यात अकरा बळी घेतले. आपल्याकडून लाला अमरनाथांनी इंग्लंडच्या डावात पाच गडी बाद केले व दुसऱ्या डावात अर्धशतक काढले. त्या संघातले अब्दुल हाफीज आणि गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून खेळले. या तारखेला लॉर्ड्‌सवर अमरनाथ हे नाव पुन्हा एकदा यायचे होते.

१९५२ साली ही तारीख एका दिवसाने हुकली, पण ती हकीगत कामगाराच्या पोराने ऐकावीच अशी आहे. विनू मंकड हा जगातल्या उत्तम अष्टपैलू खेळाडूंपैकी एक. हासलिंग्डनने त्याला त्या हंगामासाठी बोलावले होते. मंकडने आपल्या मंडळाला साधी गोष्ट विचारली: दौऱ्यावर माझी निवड नक्की आहे का? असेल तर मी ती नोकरी सोडतो. मंडळाने हमी द्यायचे नाकारले. रोजंदारीवाल्याने मालकाला ‘उद्या काम आहे ना’ असे विचारावे आणि मालकाने ‘फाटकावर येऊन उभा राहा, मग बघू’ म्हणावे, त्यातला हा प्रकार. मंकड हासलिंग्डनला गेला. पहिल्या कसोटीत लीड्‌सला आपली दुसऱ्या डावाची धावसंख्या चार बाद शून्य अशी झाली, तेव्हा मंडळाचे डोळे उघडले आणि हासलिंग्डनकडे माणूस सोडण्याची विनंती गेली. गिरणगावाने त्याला सोडले. लॉर्ड्‌सवर येऊन मंकडने ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि मधल्या काळात इंग्लंडच्या एकाच डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. सामना तरी आपण २४ जूनला आठ गडी राखून हरलोच. त्याच मालिकेत लेन हटन हा आधुनिक काळातला पहिला धंदेवाईक खेळाडू इंग्लंडचा कर्णधार झाला होता. हौशी-धंदेवाईक हा भेद इंग्लंडने १९६३ च्या हंगामापासून मोडीत काढला.

इकडे आपल्याकडचे दर काय होते? त्या पिढीचे खेळाडू पुढे सांगत असत की कसोटीचे दिवसाला पन्नास रुपये मिळत, आणि पाच दिवसांचा सामना चारच दिवसांत जिंकला तर पाचव्या दिवसाचे पन्नास बुडत. हे मी प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले नाही. गाठी लवकर बांधून झाल्या म्हणून उरलेल्या दिवसाची रोजी कापलेली टोळी मी पाहिली आहे, आणि त्या रोजीसाठी फाटकावर बसलोही आहे.

१९६७ साली लॉर्ड्‌स कसोटीत २५ जूनला रविवारची सुटी आली. दुसऱ्या दिवशी आपण एक डाव व १२४ धावांनी पराभूत झालो. १९७४ साली २५ जून हा सामन्याचा शेवटचा दिवस व्हायचा, पण तो उजाडण्याची गरजच पडली नाही. २४ तारखेला आपला दुसरा डाव सतरा षटकांत ४२ धावांवर आटोपला. त्या बेचाळीसपैकी अठरा एकनाथ सोलकरच्या, नाबाद. बाकी कोणालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. सोलकरचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदान राखण्याचे काम करीत. मुलगा तिथल्याच खोलीत वाढला, सामन्यांच्या वेळी धावफलकाचे आकडे बदलत बदलत क्रिकेट शिकला. त्या दिवशी भल्याभल्यांच्या बॅटी गळाल्या आणि माळ्याचा पोर उभा राहिला, याचा मला उगाच अभिमान वाटतो. उगाच म्हणतो, कारण त्या पराभवात अभिमानाला दुसरी जागाच नव्हती.

पुढच्याच वर्षी, २५ जून १९७५ च्या रात्री, देशात आणीबाणी पुकारली गेली. क्रिकेटशी तिचा संबंध नाही, पण ज्या चळवळीत मी पुढे आलो तिथे ही तारीख त्याच आठवणीने ओळखली जाते. पुष्कळ कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि किमान बोनस सव्वाआठ टक्क्यांच्या वरून चार टक्क्यांवर आणला गेला.

आणि मग १९८३. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आमच्या आळीत शिंप्याच्या दुकानातल्या रेडिओभोवती सारा गाव गोळा झाला होता. अंतिम सामना वेस्ट इंडीजशी, जे आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकून बसले होते. आपण सर्वबाद १८३. श्रीकांतच्या ३८, संदीप पाटीलच्या २७, मोहिंदर अमरनाथच्या २६. आळीतल्या जाणत्यांनी तेव्हाच हात टेकले होते. पण बलविंदर संधूने ग्रीनिजचा त्रिफळा उडवला, रिचर्ड्‌सचा उंच गेलेला झेल कपिलदेवने पाठमोरे धावत जाऊन टिपला, आणि १४० धावांवर त्यांचा डाव संपला. शेवटचा बळी मोहिंदरचा, सामनावीरही तोच. लालाजी याच मैदानावर, याच तारखेला हरलेल्या संघात होते. सदतीस वर्षांनी मुलाने ती बाकी वसूल केली.

तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. म्हणजे १९३२ ला कर्णधार नागपूरचा, १९८३ ला अध्यक्ष नागपूरचा. अंतिम सामन्यासाठी त्यांनी दोन जादा तिकिटे मागितली आणि ती मिळाली नाहीत. त्या अपमानातून विश्वचषक इंग्लंडबाहेर आणण्याची जिद्द निर्माण झाली, असे सांगितले जाते. १९८७ मध्ये तो भारत-पाकिस्तानात भरला खरा. त्यात नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक काढले, तेही ३१ ऑक्टोबरला, नायडूंच्या जन्मदिवशी. तारखांचा नाद वाईट; एकदा लागला की सुटत नाही.

विश्वविजेत्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाकडे पुरेसे पैसे नव्हते. शेवटी लता मंगेशकरांनी दिल्लीत विनामूल्य गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्या पैशातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. लताबाईंचे औदार्य मोठे, त्याबद्दल दुमत नाही. पण जगज्जेत्यांचा मोबदला गायिकेच्या मैफलीतून उभा करावा लागतो, यात मला लँकेशायरची फिरणारी टोपीच दिसते. त्या खेळाडूंचे नित्याचे पोट कंपन्यांच्या आणि बँकांच्या नोकऱ्यांवर चाले. गावसकर आणि पाटील निरलॉनमध्ये, त्यांच्या आधीचे वाडेकर स्टेट बँकेत, सोलकर मफतलालमध्ये. महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा हे सारे तिथून. होळकरांची चाकरी आणि कंपनीची नोकरी यांत फरक एवढाच की दुसरीत कायदा होता.

पैसा आला तो पुढे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, कोणा एकाची मक्तेदारी नव्हे, असा निर्णय दिला. तो खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उभा राहिला होता. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. तिचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. आज कसोटीची फी सामन्याला पंधरा लाख आहे, आणि २०२२ पासून स्त्री खेळाडूंनाही तीच. समान कामाला समान दाम ही आमची जुनी मागणी, ती क्रिकेटने काही अंशी तरी मान्य केली म्हणून मी मंडळाचे अभिनंदन करतो. निवृत्त कसोटीपटूंचे मासिक मानधनही त्याच वर्षी वाढले. ज्यांना ३७,५०० मिळत त्यांना ६०,००० झाले.

यातले काहीही जनार्दन नवले यांच्या वाट्याला आले नाही. देशाचा पहिला चेंडू खेळलेल्या या माणसाने उतारवयात एका साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात ते राहत, आणि १९७९ साली, विश्वचषकाच्या चार वर्षे आधी, वारले. कारखान्याच्या फाटकावर हजेरीला उभ्या राहणाऱ्यांत एक कसोटीवीरही असू शकतो, हे आमच्या कामगारांना मी मुद्दाम सांगतो. पुष्कळांना ते खरे वाटत नाही.

१९८९ साली मंडळाने परवानगीशिवाय अमेरिकेत खेळल्याबद्दल कपिलदेव, वेंगसरकर आदी सहा जणांवर बंदी घातली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि बंदी उठली. त्यानंतर खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहील असे वाटले होते. ती उभी राहायला २०१९ साल उजाडले, आणि तिचे सभासद निवृत्त खेळाडूच होऊ शकतात. जो आज मैदानात आहे, ज्याची हजेरी लागते आहे, त्याला संघटना नाही. कोट्यधीशांना युनियन कशाला, असे मला एका सभेत विचारले गेले. मी म्हटले, कोट्यधीश अकरा-पंधरा. रणजी स्पर्धेत खेळून वयाच्या बत्तिसाव्या वर्षी घरी बसणारे किती, ते मोजा.

आणि मैदान झाडणारे? २०२२ च्या आयपीएलनंतर सहा मैदानांच्या खेळपट्टी राखणाऱ्यांना मिळून सव्वा कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. बाळूच्या महिना चार रुपयांपासून इथवर मजल आली, हे खरेच. तरी आमच्या युनियनच्या कचेरीत ही बातमी वाचली गेली तेव्हा एका प्रेस कामगाराने विचारले, ‘साहेब, बक्षीस झाले. पगार किती आहे त्यांचा?’ बातमीत ते दिलेले नव्हते.